साडूंचं तळं

तळ्याकाठी कॅमेरा दिसला आणि घशातला चहा कडू झाला. आता साडूंचा फोटो पेपरात येणार आणि माझी बायको तो मला रोज दाखवणार.

डाळिंब लावायला आम्ही दोघे साडू सांगोल्याहून इथे राजस्थानच्या वाळवंटात आलो. माझं शेत उंचावर, त्यांचं खाली. कालव्याचं पाणी मी डाळिंबांना देतो, उरलेलं चरातून त्यांच्या खोलगट रानात उतरतं. त्याचंच तळं झालं. तळ्यावर फ्लेमिंगो आले, फ्लेमिंगो बघायला माणसं आली. "ताईचं नशीबच वेगळं," बायको जेवायला वाढताना म्हणते.

मी तरातरा खाली उतरलो. साडू मान खाली घालून उभे होते. म्हटलं, लाजायचं नाटक चाललंय.

"या तळ्यातला थेंब न् थेंब माझ्या शेतातून येतो," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "तो बघा चर. मीच खोदलाय."

कॅमेरावाल्या बाई वळल्या. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती आणि पायाशी मेलेले पक्षी.

"बरं झालं आलात. या पाण्यात फवारणीचं विष आहे. ते कुणाच्या शेतातून येतं, हे सकाळपासून यांना विचारतेय. हे एकच म्हणतात, ठाऊक नाही."

मी साडूंकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही.

चांगुलपणातसुद्धा या माणसाला माझ्या पुढेच राहायचं होतं.