लई दाखवलं देवानं

पुढाऱ्यांनी माईक हातात घेतला तेव्हा प्रयागबाईंनी पदराआड जांभई दिली.

घोड नदीच्या घाटावर त्यांच्या नवऱ्याचा, रखमाजीआप्पांचा, दशक्रिया विधी चालला होता. पिंड तयार होईपर्यंत श्रद्धांजलीची भाषणं सुरू होती. पुढाऱ्यांना अजून दोन घाट गाठायचे होते, म्हणून ते घाईघाईने हळहळत होते.

"आप्पा म्हणजे चालताबोलता भूगोल! काशी झाली, रामेश्वर झालं, जगन्नाथपुरी झाली. पण गर्व म्हणून नाही. भेटले की हात जोडायचे आणि एकच म्हणायचे, 'लई दाखवलं देवानं, उपकार फिटायचे न्हाईत.' एवढा तृप्त माणूस मी पाहिला नाही."

'तू त्याला पाहिलंस कधी?' प्रयागबाई मनात म्हणाल्या.

पुढारी गाडीकडे पळाले. मग आप्पांचे लहानपणापासूनचे मित्र सावळेराम उठले.

"कांदा चाळीत पडला की गडी पिशवी उचलायचा. एकटाच! म्या म्हनायचो, मला बी ने की राव. तर म्हनायचा, सोबत असली की गप्पा व्हत्यात, बघनं ऱ्हातं. फोटो न्हाई, काय न्हाई. आन रामेश्वरावरनं आला तरी तोंडात नवा अभंग! येवढं हिंडून बी गडी आपली मराठी इसरला न्हाई."

प्रयागबाईंच्या ओठांची कड वाकडी झाली. शेजारी बसलेल्या नणंदेने, सोनीबाईने, त्यांचा हात दाबला.

"वैनी, रडून घ्या वाईच."

"रडतंय कोन?"

गावातल्या बायका त्यांची फार कीव करायच्या. नवरा मुलूखभर हिंडतो आणि ही बिचारी गोठ्यात. एकदा तरी न्यायचं होतं की! "मला नगं ती काशी," असं त्या तोडून टाकायच्या. बायकांना वाटायचं, बाई मनाला लावून घेते.

दरवेळी आप्पा परतायचे ते अंगाने थोडे भरून आणि रंगाने उजळून. लोक म्हणायचे, तीर्थाचं तेज. त्यांनी आणलेली गंगाजलाची बाटली गावातल्या घराघरांत देवापुढे पूजली जायची. प्रयागबाई आपल्या घरची बाटली कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतून मोकळ्या व्हायच्या.

संध्याकाळी ओट्यावर पोरं जमायची. आप्पा सांगायचे, समुद्राचा रंग कसा असतो, देवळाच्या खांबांची रांग किती लांब जाते, नेपाळात थंडीने दात कसे वाजतात. शेवटी ठरलेला नमस्कार, लई दाखवलं देवानं. नात समृद्धी तर आजोबांच्या तोंडाकडे बघता बघता जेवायची विसरायची. आत प्रयागबाई भांडी आदळायच्या.

'त्यात एक दिवस गोठा झाडला असता तर देवाला जास्त पोचलं असतं.' एवढंच त्यांचं मत होतं, आणि ते आजही बदललं नव्हतं.

पिंड मांडले गेले. माणसं मागे सरली. समोरच्या करंजावर एकच कावळा होता. तो मान तिरकी करून खाली बघत होता.

बराच वेळ झाला. कावळा हलेना. उन्हं चढली, पोरं भुकेने किरकिर करू लागली.

"जगभर हिंडला," प्रयागबाई पुटपुटल्या, "आन हितं खाली यायला जड झालंय."

"आणखी थोडं थांबू," गुरुजी म्हणाले. "नाहीच आला, तर दर्भाचा कावळा करून लावू."

"नगं वो, गुरुजी!" सोनीबाई रडकुंडीला आली. "माज्या भावाचा जीव अडकला म्हनून गाव बोलंल."

मुलगा रामदास पुढे झाला. त्याचा चेहरा उतरला होता. "आप्पा, तुमचं केदारनाथ राहिलं. मी जाऊन येतो. शब्द देतो."

कावळा ढिम्म.

"दादा, वैनीला आमी अंतर द्यायचो न्हाई," सोनीबाई म्हणाली.

कावळ्याने चोच फांदीला घासली.

"रखमा, तंबाखू बी ठिवलीय बघ," सावळेराम म्हणाले. माणसं हसली. हसण्याच्या आवाजात कावळा फांदीवरून उतरला आणि घाटाच्या कठड्यावर येऊन बसला. सगळ्यांनी श्वास रोखला. दोन उड्या मारल्या की पिंड होता.

समृद्धीने हात जोडले. तिचे डोळे भरून आले होते.

"आजोबा, मी आहे ना! तुम्ही गेलात त्या प्रत्येक गावी मी जाणार. काशीतली तुमची ती धर्मशाळा शोधून काढीन. तिथल्या लोकांना तुमचं नाव सांगीन, तुमच्या आठवणी विचारीन."

कावळा उडाला तो थेट करंजाच्या शेंड्यावर जाऊन बसला.

समृद्धी ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. गुरुजींनी मुकाट्याने दर्भाची जुडी उचलली.

प्रयागबाईंनी मान वर करून शेंड्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग गुडघ्यांवर हात रेटून त्या उठल्या.

"व्हा मागं सगळी."

"आई, काय राहिलंय आप्पांचं? तुला माहीत आहे का?" रामदासने विचारलं.

"सरक म्हनलं ना."

त्या पिंडाजवळ जाऊन बसल्या. हात जोडले नाहीत. ओट्यावरच्या गोष्टी ऐकताना आतून जसं बघायच्या, तसंच त्यांनी वर बघितलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात त्या म्हणाल्या, "आळंदीच्या म्होरं तुमी कदी गेलाच न्हाई, ह्ये म्या कुनाला सांगायची न्हाई. पोरीला बी त्या वाटंला जाऊ द्यायची न्हाई. खावा आता."

कावळा उतरला.