नाताळची बाभळ

नाताळ उलटून बारा दिवस झाले म्हणून रिवाजाप्रमाणे सारजाबाई बाभळीच्या फांदीवरचा कापूस उतरवत होती. सुरूचं झाड इथं कुठून मिळणार? काट्यांवर शेतातला कापूस टोचून तिनं नाताळचं झाड केलं होतं. आता फांदी कुंपणावर टाकायची. तेवढ्यात थोरला दीर आत घुसला. "भाऊ मेला आन् तू किरिस्ताव झालीस! निजामाचं राज्य गेलं, तसं या घरातलं तुझंबी गेलं. नीघ!" केसांना धरून त्यानं तिला उंबऱ्यापर्यंत फरफटत नेलं. हातात फांदी होतीच. तिनं त्याच्या तोंडावर हाणली, पुन्हा हाणली, तो रक्तबंबाळ होऊन खाली बसेपर्यंत हाणली. मग उतरवलेला कापूस त्याच्या भुवईवर दाबला. "हलू नका भावजी, काटा डोळ्यापाशी हाय." काटा निघाला. तो पुटपुटला, "फांदी कुंपणावर टाकून जातो." "ऱ्हाऊ द्या दारातच. तुम्ही परत येणार असाल तर लागंल."