अष्टमीची ओहोटी

"या खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, जवळपास संपल्या आहेत." जेटी बांधणाऱ्या कंपनीचा अधिकारी जनसुनावणीत माझाच शोधनिबंध वाचून दाखवत होता. "दोनशे चौदा संशोधकांनी या निबंधाचा संदर्भ दिला आहे."

त्या दोनशे चौदांपैकी एकानंही ही खाडी पाहिलेली नाही.

द्वारकाबाई कोळीण उठली. पायाशी सकाळीच काढलेल्या तिसऱ्यांची टोपली, काठोकाठ भरलेली. पहिल्या रांगेत मला बघून म्हणाली, "बाय, तेव्हाच बोलले होते ना मी, अवसेला ये म्हणून?"

बोलली होती. अमावास्येला पाणी लांब हटतं आणि तिसऱ्यांची जागा उघडी पडते. पण कॉलेजची जीप मला मिळाली अष्टमीला. अष्टमीला समुद्र जेमतेम मागे सरतो. मी कडेचा चिखल उकरला, सात तिसऱ्या मोजल्या आणि त्या सातांच्या जोरावर डॉक्टरेट मिळवली. पुढे प्राध्यापकही झाले.

मी उभी राहिले. "तो निबंध चुकीचा आहे. अमावास्येला पुन्हा मोजणी करून मी सहा वर्षांपूर्वीच दुरुस्ती छापली आहे."

"अच्छा," तो अदबीनं म्हणाला. "मॅडम, त्या दुरुस्तीचा संदर्भ किती जणांनी दिला?"

सहा वर्षं दर महिन्याला मी तो आकडा बघत आले होते.

"एकानंही नाही."

त्यानं मान डोलावली, निबंधाचं पुढचं पान उलटलं आणि शिपायाला म्हणाला, "ती टोपली बाहेर ठेव रे. फरशी ओली होतेय."