रुळांचे सांधे

हॉलमधल्या लांब टेबलावर नवऱ्याने खेळण्यातल्या आगगाडीचं अख्खं जग मांडलं होतं. दर रविवारी तो त्यात एखादा नवा फाटा नाहीतर पूल जोडायचा. गाडी रुळावरून घसरली, की त्याचा हात बायकोवर पडायचा.

"चालताना पाय आपटतेस, म्हणून डबे पडतात."

"मी तर आत कपड्यांच्या घड्या घालत होते," एवढं ती एकदा म्हणाली, तर त्याने केस धरून तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं.

चार टाके पडले. तेव्हाच तिने ठरवलं, की आता गाडीच घसरता कामा नये. तो कामावर गेला की ती कानशीने रुळांचे सांधे घासायची, वळणांखाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या सारायची, एकेक डबा बोटाने ढकलून पाहायची. सहा महिने एकही डबा पडला नाही आणि मारही थांबला. मित्र टेबलाभोवती जमून त्याला म्हणायचे, "तुझ्या हातात जादू आहे बुवा." तो खुशीत मान डोलवायचा.

मग एका संध्याकाळी चहा गार झाला, एवढ्या कारणावरून त्याने तिचा उजवा हात दाराच्या फटीत धरून दार लोटलं. तीन बोटं मोडली.

पुढच्याच रविवारी, नव्या पुलावर चढताना, सगळ्या मित्रांदेखत इंजिन आडवं झालं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.



"हल्ली माझ्या हाताला काय झालंय, कळतच नाही," तो हिरमुसून म्हणाला.