अळंबीची जागा

एप्रिल सरता सरता कॅनडातल्या ग्वेल्फ गावाजवळच्या रानात मोरेल नावाची महागडी अळंबी उगवते, आणि ती कुठे सापडली हे कुणी कुणाला सांगत नाही. राजरत्न भाऊजी हा रिवाज इमानेइतबारे पाळायचे. मागावर कुणी येऊ नये म्हणून गाडी भलत्याच रस्त्याला लावून चालत जायचे. त्यांना स्वतःला अळंबी आवडत नसे. आवडायची ती नुसती फुशारकी.

यंदाची टोपली बघून त्यांची मेहुणी यशोधरा बहिणीला म्हणाली, “ताई, शिजवण्याआधी एकेक उभी चिरून बघ. आतून पोकळ असली तरच खरी. भरीव असली तर विषारी.” अळंबी-बुरशीवर संशोधन करणं हीच तिची नोकरी होती.

भाऊजी फिसकन हसले. “मेहुणीबाईंना माझ्याकडून जागा काढून घ्यायचीय, दुसरं काही नाही! अगं, यूट्यूबवर सगळं बघितलंय मी.”

ताईने नवऱ्याचं मन राखलं आणि तशीच परतून खाल्ली. दुसऱ्या दिवशी ती इमर्जन्सीत सलाइनवर होती. ताटात की टोपलीत काही उरलं नव्हतं. विष नेमकं कोणतं हे कळायला डॉक्टरांना तिथलीच आणखी एक अळंबी हवी होती.

यशोधराने गाडीची किल्ली उचलली. “भाऊजी, कुठून आणलीत सांगा. मी आत्ता घेऊन येते.”

भाऊजींनी डोळे पुसले. ताईच्या कपाळावरून हात फिरवला. मग डॉक्टरांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले,


“सांगतो. पण आधी मेहुणीबाईंना बाहेर पाठवा.”