कणत्वरकाची खंडेनवमी

खंडेनवमीला आवटीबाईंनी तालुक्याच्या दवाखान्यात पाट मांडला आणि कात्री-सुरीशेजारी कणांना प्रचंड वेग देऊन किरण सोडणारा आपला कणत्वरकही पूजला. पूर्वी ज्याला तीन किलोमीटरचा बोगदा लागायचा, ते यंत्र नारळाएवढं करण्यात त्यांची उमेदीची तीस वर्षं गेली होती.

तेवढ्यात गळ्यातल्या गाठीवर किरणांचा शेवटचा झोत घ्यायला नामदेव सुतार आले आणि पाट पाहून दारातच थबकले.

“मॅडम, पूजेतलं हत्यार आज चालवायचं नसतं. माझा रंधापण घरी सुट्टीवर आहे. उद्या येतो.”

बाईंनी झेंडूच्या फुलासकट यंत्र उचललं. “अप्पा, मुकाट्यानं बसा. आजच्या दिवस राबू दे याला.”

झोत संपला. पडद्यावर गाठीचा मागमूसही उरला नव्हता. बाईंना हसू आवरेना.

“घ्या! उद्यापासून तुमच्यापुरती याला कायमची सुट्टी!”