भर ग्रहणात, भर चौकात

अख्खी पेठ दारं-खिडक्या लावून आत बसली होती आणि तात्या भर चौकात कर्ण्याच्या माईकसमोर उभे राहून कांदाभजी खात होते. ग्रहण लागून बराच वेळ झाला होता. भजीवाला आकाराम घाण्यावर घाणा काढत होता आणि तात्यांच्या अंधश्रद्धाविरोधी मंडळातली पंधरा-वीस माणसं गरम भजी फुंकून फुंकून खात होती. ग्रहणात खायचं नसतं ना? मग खाऊन दाखवतोच, असा सगळ्यांना नुसता चेव आला होता. बंद दारांच्या फटींना आतून डोळे लागलेले होतेच की.

तात्या म्हणजे पेठेतल्या शाळेचे गणिताचे मास्तर, आणि नास्तिक. साधेसुधे नव्हेत, अगदी सोवळ्यातले नास्तिक. प्रसादाचा पेढा चुकून हातावर पडला तर हात धुवायचे. ऐंशी सालचं हे मोठं ग्रहण येणार म्हटल्यावर महिनाभर त्यांच्या पायाला भिंगरी लागली होती. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरलं तर पोर फाटक्या ओठाचं जन्मतं, असं सगळी पेठ मानायची. तर गेल्या रविवारी भाषणाच्या भरात तात्या कर्ण्यावरून बोलून गेले, की माझी सून शालू पोटुशी आहे, ती ग्रहणात याच चौकात बसून वांगी चिरेल, मग बघा काय होतंय ते. टाळ्या काय पडल्या! सुनेला विचारायचं तेवढं राहून गेलं.

त्यावरून घरात आठवडाभर धुसफूस चालली होती. तात्यांच्या पत्नी माई सकाळीच ग्रहणाच्या स्नानाला नृसिंहवाडीला निघून गेल्या. जाताना पाण्याच्या भांड्यांत तुळशीची पानं टाकली आणि ग्रहण सुटेपर्यंत पाटावरून हलायचं नाही, अशी सुनेला गळ्याची शपथ घालून गेल्या. मुलगा वारणानगरला साखर कारखान्यात होता, त्यानं तर हातच वर केले होते.

ऊन पिवळं पडलं, मग पार मळकट झालं. कावळे झाडांवर परतायला लागले. टेबलावर विळी आणि वांगी मांडून ठेवलेली, पण सुनेचा पत्ता नाही. एका बंद दाराआडून कुणीतरी विचारलं, सूनबाई भ्याल्या काय मास्तर, आणि आतली माणसं खदाखदा हसली. तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आज ती आली नाही तर उद्यापासून पेठेत तोंड दाखवायची सोय नव्हती.

आणि आली की शालू. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत, पदर खोचून, हातात काजळी धरलेली काच घेऊन आली. मंडळानं जल्लोष केला. तात्या कर्ण्यावरून काय बोलत होते ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं. पाट मांडा, विळी खाली घ्या, लोक हो दारं उघडा आणि बघा. आनंदानं त्यांचा आवाज फाटला होता.

शालू पाटाकडं गेलीच नाही. "वांगी मघाशीच चिरली की घरी," ती म्हणाली. "ग्रहण लागल्यावरच. भूक लागलीती. भाजी करून जेवले बी."

 तात्यांना आनंदाची उकळी फुटली. शाब्बास, पण ते कुणी बघितलं? आता इथं सगळ्यांसमोर पुन्हा एक वांगं चीर, एकच.

"कशाला? पोट भरलंय माझं."

"अगं, सिद्ध करायला."

शालूनं एकदा पोटावर हात ठेवला. तिचा आवाज चढला नाही, पण कर्णा चालूच होता, त्यामुळं पेठभर ऐकू गेला. "तात्या, पोर चांगलं निघालं तर काय म्हणाल?"

"तर आपलं खरं झालं."

"आणि देव न करो, ओठ फाटकाच निघाला तर?"

"तर तो योगायोग. ग्रहणाचा काय संबंध?"

"म्हंजे काय बी निघालं तरी तुमचंच खरं. माईंचा देव बी असाच हाय. पावला तर त्याची कृपा, न्हाय पावला तर आमची भक्ती कमी. माई म्हणतात हलू नको, तुम्ही म्हणता चीर. माझं पोर तुमच्या दोघांच्या भांडणातला साक्षीदार न्हाय."

 कढईतली भजी करपत होती, तिकडं आकारामचंही लक्ष नव्हतं. फटीफटींतले डोळे, मंडळाचे डोळे आणि तात्यांचे डोळे, सगळे शालूच्या पोटाकडं लागले होते. तात्यांना राग आला होता आणि लाजही वाटत होती.

शालूनं काच डोळ्यांसमोर धरली आणि मान वर केली. तिच्या तोंडून आपसूक हाय रे देवा निघालं आणि ती हसायला लागली. सूर्याची नुसती कोर राहिली होती. ती लहान पोरीसारखी चवड्यांवर उभी राहिली, आकारामला हाक मारून वर बोट दाखवलं, मग काच तात्यांच्या हातात कोंबली.

"धरा. महिनाभर नुसतं ग्रहण ग्रहण करताय, एकदा तरी वर बघितलं काय?"